'शिकायला मिळतं' म्हणून भंगार कंपनीत किती दिवस काढायचे?

हिंजवडीचा_हमाल
हिंजवडी फेज टूमधली दोनेकशे माणसांची कंपनी, नाव सांगत नाही. दर सोमवारी स्टेटसचं एक्सेल वर जातं, त्यात हिरवा, पिवळा, लाल असे रंग. पण लाल चालत नाही. लाल दिसला की मालकांचे मेव्हणे, जे आमचे डिलिव्हरी हेड आहेत, ते केबिनमध्ये बोलावून विचारतात की तू उत्तर घेऊन आलायस का रडगाणं, त्यामुळे सगळे पिवळाच भरतात. आमच्याकडे पिवळा म्हणजे काम केव्हाच बोंबललंय, फक्त अजून कुणी तोंड उघडलेलं नाही. मग डेमोच्या दोन दिवस आधी एकदम साक्षात्कार होतो, शनिवार-रविवार बोलावणं येतं आणि वर उपकार केल्यासारखा पिझ्झा. लोड, कमी पगार, फेज थ्रीचं ट्रॅफिक हे सगळं एकवेळ चालवून घेईन, पण जिथं वाईट बातमी वर जातच नाही ती कंपनी सुधारत नसते. तिथं 'अनुभव मिळतोय' म्हणून थांबणारे स्वतःलाच गंडवतात असं माझं स्पष्ट मत. अनुभव कसला, पिवळा रंग भरण्याचा?

सिंहगडरोडवाली
सोडा म्हणायला काय जातं हो. माझी पण अशीच कंपनी आहे, खराडीला, आणि मी थांबलेय, गंडवून वगैरे नाही, हिशोब करून. ग्रॅच्युइटीला पाच वर्षं लागतात, मला थोडेच महिने राहिलेत. फ्लॅटचा हप्ता चालू आहे. नोटीस पीरियड नव्वद दिवस, आणि बाहेर सगळ्यांना 'इमिजिएट जॉइनर' हवा, म्हणजे आधी राजीनामा टाका आणि मग देवाचं नाव घेत इंटरव्ह्यू द्या. एकटा जीव सदाशिव असलेल्यांनी बाकीच्यांना मूर्ख म्हणू नये एवढंच.

हिंजवडीचा_हमाल
ताई, मूर्ख कुठं म्हणालो? हिशोब करून थांबणं वेगळं. तुम्ही तारीख ठरवून बसलाय. मी बोलतोय ते 'पुढच्या अप्रेझलनंतर बघू' वाल्यांबद्दल.

भोसरीतला_मालक
आता मला शिव्या घाला, कारण मी मेव्हण्यांच्या बाजूचा. सीएनसीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनचं जॉबवर्क आहे, तीसेक पोरं. बायको हिशोब बघते, भाऊ डिस्पॅच, हो घरातलीच माणसं, कारण पहिली दोन वर्षं पगार न घेता दुसरं कोण काम करणार होतं? मोठी गिऱ्हाईकं १२० दिवसांनी पैसे देतात. छोट्या उद्योगांना ४५ दिवसांत द्यायचे असा २००६ चा कायदा आहे, २०२४ पासून इन्कम टॅक्सवाल्यांनी पण त्याला दात लावले, पण तक्रार केली तर पुढची ऑर्डर कोण देणार? म्हणजे वाईट बातमी मी पण वर सांगू शकत नाही बघा, माझ्या वर पण एक मेव्हणा आहेच. आणि दुसरं, लाल रंग भरला म्हणजे काम संपलं असं नसतं. मशीन बंद पडलं म्हणून सांगायला येतात आणि हात बांधून उभे राहतात, सर्व्हिसवाल्याला फोन लावलास का विचारलं तर म्हणे तुम्ही बोलला नाहीत. मग माणूस चिडणार नाही?

हिंजवडीचा_हमाल
चिडा की दादा, पण तुमचं पोरगं निदान येऊन सांगतंय. तीनदा अंगावर ओरडा, चौथ्यांदा मशीन बंद असताना पण 'चालू आहे सर' म्हणेल, मग डिस्पॅचच्या दिवशी कळेल तुम्हाला.

बाणेरहून_बाहेर
तीन कंपन्या बदलल्या. पहिलीत मेव्हणा, दुसरीत पुतण्या, तिसरी अमेरिकन, तिथं नातेवाईक नव्हते तर बेल कर्व्ह होता, टीममधल्या एकाला तरी खालचं रेटिंग द्यायचंच, मग सगळे चांगले असले तरी. तेव्हा सोडून जायचं ते कुठं हे पण सांगा राव.

कलमवाला_कारकून
कायद्याचं थोडं सांगतो, लोकांना माहीत नसतं. महाराष्ट्राचा २०१७ चा शॉप अ‍ॅक्ट, वीस किंवा जास्त माणसं असली की लागू, दिवसाला दहा आणि आठवड्याला ४८ तास, त्यावर ओव्हरटाइम दुपटीनं. यातून मॅनेजर, सुपरवायझर सुटतात, म्हणून तर पुण्यात चहा सांगणारा सोडून सगळे 'मॅनेजर' झालेत. आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवीन लेबर कोड लागू आहेत, राजीनाम्यानंतर पगाराचा हिशोब दोन वर्किंग डेजमध्ये द्यायचा. एचआर अजून ४५ दिवसांचं जुनंच तुणतुणं वाजवतं, त्यांना हे दाखवा.

सिंहगडरोडवाली
दाखवते की, आणि रिलीव्हिंग लेटर कुणाकडे अडकतं? २०२४ मध्ये आपल्याच पुण्यात एका बड्या ऑडिट कंपनीतली तरुण मुलगी वारली, देशभर चर्चा झाली आणि तपासणीत निघालं काय, तर २००७ पासून चालू असलेल्या ऑफिसची शॉप अ‍ॅक्ट नोंदणीच नव्हती. सतरा वर्षं कुणी विचारलं नाही. तुमची कलमं बरोबर आहेत हो, पण त्यांच्या भरवशावर मी मॅनेजरशी भांडणार नाही.

कलमवाला_कारकून
भांडू नकाच. पण लेखी ठेवा. तोंडी सांगितलेलं काम 'आपल्या बोलण्याप्रमाणे' म्हणून मेल करा.

हिंजवडीचा_हमाल
आणि ती मेल स्वतःच्या जीमेलला बीसीसी.

कलमवाला_कारकून
अजिबात नाही!! कंपनीचा डेटा बाहेर पाठवला म्हणून उलट तुम्हालाच नोटीस येईल, असली कारणं शोधतच असतात. तारखा घरच्या वहीत लिहा. आणि पगाराच्या स्लिपा, अप्रेझल लेटर, फॉर्म १६ आजच उतरवून ठेवा, बऱ्याच ठिकाणी राजीनामा टाकला की पोर्टलचं लॉगिन आधी जातं.