बाबांचा पाय सुजलाय, गरम आहे, पण दुखत नाही. लगेच ऑपरेशन करायचं का?

कुळागर_डिचोली

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितोय, सांभाळून घ्या. बाबा ६३ वर्षांचे, शुगर १७ वर्षांपासून, गोळ्या चालू आहेत आणि गेली ३ वर्षं रात्रीचं इन्सुलिनही. मे महिन्याच्या शेवटी कुळागरात पाटाच्या कडेवरून उजवा पाय मुरगळला. पडले वगैरे नाहीत, उलट तसेच अर्धा दिवस माडा-पोफळींना पाणी सोडत फिरले, कारण दुखलंच नाही म्हणे. चार दिवसांनी पाऊल सुजलं, मग घोट्यापर्यंत लाल झालं.

पहिल्या डॉक्टरांनी इन्फेक्शन म्हणून १० दिवस अँटिबायोटिक दिली. ताप नव्हता, कुठे जखम नव्हती, रक्तात पांढऱ्या पेशी नॉर्मल, एक्सरे नॉर्मल. गोळ्यांनी काडीचाही फरक नाही. दुसरे म्हणाले युरिक ॲसिडचा संधिवात, पण रिपोर्ट ५.८ आला, म्हणजे नॉर्मल. आता ५ आठवडे झाले, परवा नवीन एक्सरे काढला तर पावलाच्या मधली हाडं सरकलीत म्हणतात. एका खाजगी हॉस्पिटलातल्या सर्जननी सरळ सांगितलं, ॲडमिट करा, या आठवड्यात प्लेट आणि स्क्रू टाकून टाकू. खर्चाचा आकडा ऐकून आई गप्पच झाली.

एक गोष्ट आईच्या लक्षात आली ती सांगतो. ती रोज रात्री बाबांच्या टाचांच्या भेगांना मुठेल लावते, म्हणजे कोकमाच्या बियांच्या तेलाचा घट्ट गोळा, घरचाच. डाव्या टाचेवर गोळा घासावा लागतो तेव्हा कुठे तो मऊ होतो आणि उजव्या पावलावर टेकवला की तुपासारखा ओघळतो. इतका तो पाय गरम आहे. आणि बाबा म्हणतात, मला काही होत नाही, मी कुळागरात जातो. त्यांना अडवायचं कसं आणि ऑपरेशनला हो म्हणायचं का, कोणी सांगेल का?

फोंड्याची_सून

दादा, तुमची पोस्ट वाचून अंगावर काटा आला, अगदी हेच आमच्या सासूबाईंचं झालं होतं. याला शार्को फूट म्हणतात, काही डॉक्टर चारकोट म्हणतात. कृपा करून बाबांना आजपासून त्या पायावर उभंच राहू देऊ नका, बाकीचं सगळं नंतर. आमच्याकडे दोन महिने याच गोंधळात गेले, कोणी सूज म्हणालं, कोणी मुरगळा, आणि त्या चालत राहिल्या कारण दुखत नव्हतं. पायाची कमान खाली बसली आणि तळवा मधोमध होडीच्या बुडासारखा बाहेर आला. सगळं वजन त्या एका टेंगळावर. मग तिथे घट्टा पडला आणि घट्ट्याखाली जखम, जुन्या रुपयाच्या नाण्याएवढी, ती वर्षभर भरेना. मी रोज ड्रेसिंग करायचे, त्यांना काही जाणवायचं नाही, त्या टीव्ही बघत बसलेल्या असायच्या आणि मला रडू यायचं.

शेवटी ऑपरेशन झालं पण ते वेगळं. पाय थंड झाल्यावर, म्हणजे आतली हालचाल थांबल्यावर, डॉक्टरांनी खालचं बाहेर आलेलं हाड तासलं आणि मागची टाचेची शीर, अकिलिस, थोडी लांब केली. ती शीर आखडलेली असली की टाच वर ओढली जाते आणि सगळा भार पावलाच्या मध्यावर येतो, म्हणून. त्यानंतर जखम भरली. आज त्या एमसीआरच्या, म्हणजे मऊ रबराच्या, चपला घालून घरात फिरतात. पण पाऊल पहिल्यासारखं झालं नाही ते नाहीच. सुरुवातीलाच प्लॅस्टर झालं असतं तर एवढं झालं नसतं, असं मला त्यांच्या डॉक्टरांनीच नंतर सांगितलं.

वाळपई_रानातलो

आमच्या गावात एक हाडं बसवणारे आहेत, त्यांच्याकडे नेऊन बघा, तेल लावून ओढून बसवतात, माझ्या भावाचा घोटा तीन दिवसात बरा झालेला. ऑपरेशनच्या आधी हे करून बघायला काय हरकत आहे?

ऑर्थो_रेसिडेंट

मी ऑर्थोपेडिक्समध्ये एमएस करतोय, तरी इथे निदान करत नाही, पाय हातात घेऊन बघितल्याशिवाय ते होतच नाही. पण आधी वाळपईच्या दादांना: भावाचा मुरगळा आणि हे वेगळं आहे. भावाला दुखत होतं म्हणून जास्त ओढलं तर तो ओरडला असता. या बाबांना दुखणारच नाही. आतली हाडं मऊ पडलेली असताना मालिश करून ओढलं तर जे सरकलंय ते मोडेल. कृपया नेऊ नका.

आता मूळ प्रश्न. बरीच वर्षं शुगर असली की पायाच्या नसा मरू शकतात. त्याचे दोन परिणाम. एक, मार लागलेला कळत नाही, माणूस चालत राहतो. दुसरा, रक्तवाहिन्यांवरचा ताबा जातो, पायात रक्त जास्त येतं, सूज राहते आणि हाडं भुसभुशीत होतात. त्यात छोटासा मुरगळा पुरतो. म्हणूनच या रुग्णांच्या पायातली नाडी बहुतेक वेळा चांगली टणटणीत लागते, आणि बघणाऱ्याला वाटतं रक्तपुरवठा मस्त आहे, काळजी नाही. शार्को हे त्या फ्रेंच डॉक्टरांचं नाव, १८६८ साली त्यांनी हे सांध्यांचं दुखणं लिहून ठेवलं, पण ते सिफिलिसने मज्जारज्जू खराब झालेल्या रुग्णांमध्ये. आज आपल्याकडे येतात ते जवळजवळ सगळे शुगरवाले. आणि गोव्यात शुगर किती आहे ते माहीत असेलच, आयसीएमआरच्या, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०२३ च्या अभ्यासात राज्यांमध्ये सगळ्यात वरचा आकडा गोव्याचा होता, २६.४ टक्के. म्हणून माझं ठाम मत आहे की आपल्याकडे शुगरवाल्याचा पाय जखम नसताना सुजून गरम झाला तर दुसरं काही सिद्ध होईपर्यंत तो शार्कोच समजायचा.

घरी एक करून बघा. बाबांना आडवं करा, पाय उशांवर चांगला उंच ठेवा, ५ ते १० मिनिटं. लाली बरीचशी उतरली तर शार्कोकडे बोट जातं, इन्फेक्शनची लाली सहसा तशीच राहते. पूर्ण खात्रीची परीक्षा नाही ही, पण डॉक्टरला सांगण्यासारखी आहे. कोविडमध्ये घेतलेला कपाळावर धरायचा थर्मामीटर असेल तर तो पावलांसाठी बनवलेला नसतो, तरी दोन्ही पावलांवर नेमक्या त्याच जागी धरून दोघांमधला फरक लिहून ठेवा. २ डिग्री सेल्सियसच्या वर फरक असेल तर आत आग चालू आहे.

एक्सरे उभं राहून काढलेला आहे का? हे फार जण विचारत नाहीत. झोपून काढला तर सरकलेली हाडं परत जागेवर जाऊ शकतात आणि फोटो चांगला दिसतो. अर्थात तुमच्या बाबांना आता उभं करायचं तर फक्त त्या फोटोपुरतं. समोरच्या फोटोत दुसऱ्या बोटाच्या लांब हाडाची आतली कड आणि त्यामागच्या छोट्या हाडाची आतली कड एका रेषेत असावी लागते, ती तुटली की मधला सांधा, लिसफ्रँक, सुटला. बाजूच्या फोटोत घोट्याच्या खालच्या हाडापासून अंगठ्याच्या लांब हाडापर्यंतची रेघ सरळ हवी, ती खाली मोडली की कमान बसली. पहिला एक्सरे नॉर्मल आला त्यात आश्चर्य नाही, सुरुवातीच्या आठवड्यांत तो बहुतेकदा नॉर्मलच असतो, तेव्हा एमआरआयमध्ये हाडात पाणी दिसतं. आणि १० ग्रॅमच्या दाबाला वाकणारा नायलॉनचा धागा तळव्याला टेकवून संवेदना बघितली का कोणी? दोन मिनिटांचं काम आहे.

ऑपरेशनचं म्हणाल तर, पाय एवढा गरम असताना प्लेट टाकणं म्हणजे भिजलेल्या खडूत स्क्रू पिळणं. धरत नाही. स्क्रू सुटतात, प्लेट मोडते, वर जखम आणि इन्फेक्शनचा धोका. नेहमीचा रस्ता असा की आधी टोटल कॉन्टॅक्ट कास्ट, म्हणजे पायाला अगदी घट्ट बसणारं, आत कापूस कमी असलेलं गुडघ्यापर्यंतचं प्लॅस्टर, त्याने भार सगळ्या तळव्यावर आणि पोटरीवर वाटला जातो. पहिलं साधारण आठवड्याच्या आत बदलावं लागतं कारण सूज उतरून ते सैल होतं, मग एक-दोन आठवड्यांनी बदलत राहायचं. काही महिने लागतात, मनाची तयारी ठेवा, कोणाला तीन-चार, कोणाला त्याहून बरेच जास्त. दोन पायांतल्या उष्णतेचा फरक गेला, सूज गेली, एक्सरेत हाडं जुळून आली, मग प्लॅस्टर सुटतं.

सर्जन चुकीचंच सांगतायत असं मात्र म्हणणार नाही. घोटाच डुगडुगायला लागला असेल, हाडाचं टोक कातडी फाडून बाहेर येईल अशी स्थिती असेल, आत पू असेल, तर थांबता येत नाही. तेव्हा मध्याच्या हाडांतून लांब बोल्ट आरपार घालतात किंवा टाचेतून नडगीत रॉड टाकतात, इन्फेक्शन असेल तर बाहेरून रिंगा लावतात, आणि त्यानंतरही तीनेक महिने पाय टेकवायचा नसतो. म्हणून त्यांना एकच प्रश्न विचारा: आत्ताच का, प्लॅस्टर करून थांबलं तर काय बिघडेल? चांगला सर्जन याचं उत्तर एक्सरे समोर धरून देतो.

म्हापसा_मार्केट

डॉक्टरांनी फार छान लिहिलंय. मी फक्त पैशांचं आणि चपलांचं सांगते. गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड आहे का घरात? तिघांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि चार किंवा जास्त माणसांना चार लाखांपर्यंत कव्हर आहे, कुठली प्रोसिजर त्यात बसते ते हॉस्पिटलच्या काउंटरवर आधी विचारा. नाहीतर बांबोळीला जीएमसीची, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजची, ओपीडी आहेच, सकाळी लवकर जा, सोबत सगळे एक्सरे तारखेप्रमाणे लावून न्या. आम्ही पिशवीतून कसेही नेले होते आणि डॉक्टरांना आधीचा कुठला नंतरचा कुठला हेच कळेना.

आणि दुसऱ्या पायाकडे लक्ष ठेवा हो. सगळा भार डाव्यावर येतो आणि तोही जाऊ शकतो. प्लॅस्टरने उजवा पाय उंच होतो म्हणून डाव्या चपलेला खालून तेवढाच थर लावून घ्या, मोची लावून देतो. देवळात अनवाणी फिरणं हा विषय आमच्याकडे भांडणाचा होता. माझे वडील एप्रिलच्या उन्हात प्रदक्षिणा घालून आले तेव्हा दोन्ही तळव्यांना फोड आलेले, आणि ते घरी येऊन जेवायला बसले. आईने पाय धुवायला पाणी ओतलं तेव्हा बघितलं. त्यानंतर ते गाभाऱ्यासमोर मोजे घालून जातात, देवाने काही म्हटलेलं नाही.

कुळागर_डिचोली

११ दिवसांनी लिहितोय, सगळ्यांचे मनापासून आभार. त्याच रात्री उशा लावून पाय वर ठेवला, सात मिनिटांत लाली जवळजवळ उतरली, आई आणि मी एकमेकांकडे बघत राहिलो. थर्मामीटर उजव्या पावलाला ३४.६ आणि डाव्याला ३१.२. दुसऱ्या सर्जनना दाखवलं, त्यांनी धागा टेकवला तर दोन्ही तळव्यांना बाबांना काहीच कळलं नाही, मग एमआरआय. शार्कोच आहे, मधल्या सांध्यात, घोटा अजून धरून आहे, आत पू नाही. ऑपरेशन आत्ता नाही असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. प्लॅस्टर घातलं आणि सहाव्या दिवशी बदललं, पहिलं कापलं तेव्हा आत दोन बोटं सहज जात होती एवढी सूज उतरलेली. आधीच्या सर्जनना पण फोन करून ऑर्थो_रेसिडेंटनी सांगितलेला प्रश्न विचारला, ते म्हणाले पाय थंड होईपर्यंत थांबायला माझी हरकत नाही. मग आधी का नाही बोलले याचं वाईट वाटलं.

बाबांना कुळागरात जायचं नाही हे पटवायला वेळ लागला. शेवटी मी दोन्ही एक्सरे खिडकीला लावून दाखवले, पाच आठवड्यांत हाड कुठून कुठे गेलं ते. ते बराच वेळ बघत होते, मग म्हणाले, म्हणजे मीच चालून चालून मोडलं. तेव्हापासून खुर्चीतून उठत नाहीत. पाणी कोणत्या पाटाला सोडायचं ते आता फोनवर सांगतात.

दोन शंका आहेत. पाऊस धो धो चाललाय, न्हाणीघर अंगणापलीकडे आहे, प्लॅस्टर भिजलं तर? आणि चवथीला घरात गणपती असतो, बाबाच पूजा करतात, तेवढा वेळ उभे राहिले तर चालेल का?

ऑर्थो_रेसिडेंट

भिजू द्यायचं नाही. आतून ओलं राहिलं तर कातडी कुजते आणि त्यांना कळणार नाही. आंघोळ घरातच खुर्चीवर बसवून, पाय दुसऱ्या स्टुलावर बाहेर काढून, वर जाड प्लॅस्टिक पिशवी आणि गुडघ्याखाली टेप. तरी भिजलंच, वास आला, कुठे पिवळा डाग दिसला, शुगर अचानक चढली किंवा ताप आला तर रविवार असला तरी जाऊन बदलून घ्या, सोमवारची वाट बघू नका.

चवथीला उभं राहणं नको. पाट उंच करून गणपती टेबलावर बसवा आणि बाबांना समोर खुर्चीत, पाय लांब करून. आरतीला बाकीचे उभे राहा.

फोंड्याची_सून

आमच्याकडे दोन चवथी अशाच केल्या दादा. खुर्चीच्या उंचीचं टेबल आधीच मोजून ठेवा, ऐन दिवशी सापडत नाही.