‘ग्लुटेन-फ्री’ बिअरच्या कॅनवर बार्ली कशी?

शिवाजीपार्ककर

सर्वांना नमस्कार. आठ महिन्यांपूर्वी मला सीलिअ‍ॅक आजार असल्याचे निदान झाले; यात गहू, बार्ली, राय या धान्यांतल्या ग्लुटेन नावाच्या प्रथिनामुळे लहान आतड्याला इजा होते. टीटीजी-आयजीए ही रक्तचाचणी बरीच वाढलेली आली आणि एंडोस्कोपीत घेतलेल्या बायॉप्सीमध्ये लहान आतड्यातील अंकुर जवळजवळ सपाट झालेले दिसले. तेव्हापासून घरातली पोळी बंद झाली. आईने हिंगाची डबी वाचून पाहिली तेव्हा त्यात मैदा निघाला, म्हणून ती बदलली. गिरणीत आमच्या ज्वारीच्या आधी कुणाचे तरी गहू दळलेले असतात, म्हणून घरघंटी घेतली. एवढे सगळे केल्यावर आता बिअरसारख्या गोष्टीवर अडलो आहे हे सांगायला संकोच वाटतो, पण विचारल्यावाचून राहवत नाही.

माझी थोरली बहीण लंडनला असते. दिवाळीला येताना तिने मुद्दाम शोधून माझ्यासाठी बिअरचे चार कॅन आणले. पुढे मोठ्या अक्षरांत ‘ग्लुटेन-फ्री’ असे छापले आहे. मागच्या बाजूला, चष्मा लावूनच वाचता येईल एवढ्या बारीक अक्षरांत, घटकांची यादी आहे: पाणी, मॉल्टेड (मोड आणून वाळवलेली) बार्ली, हॉप्स, यीस्ट, आणि त्यातला ‘बार्ली’ हा एकच शब्द जाड ठशात आहे. मला तर गहू, बार्ली आणि राय ही तीनही धान्ये आयुष्यभर वर्ज्य सांगितलेली आहेत. डॉक्टरांना फोन केला तेव्हा ‘लेबलवर लिहिले आहे म्हणजे चालेल’ एवढेच उत्तर मिळाले. मी एक कॅन प्यायलो आणि मला काहीही त्रास झाला नाही. उरलेले तीन प्यावेत का, आणि एरवी मुंबईतल्या दुकानांत किंवा बारमध्ये माझ्यासारख्याने काय घ्यावे, हे कृपया अनुभवी मंडळींनी सांगावे.

पार्लेकरीण

माझे निदान होऊन अकरा वर्षे झाली. उरलेले तीन कॅन उघडू नका, असेच मी तुम्हाला सांगेन, आणि त्याचे कारण नीट समजून घ्या, कारण हा प्रश्न तुम्हाला पुढे अनेकदा पडणार आहे.

‘ग्लुटेन-फ्री’ या एकाच नावाखाली दोन अगदी वेगळ्या बिअर विकल्या जातात. पहिली मुळातच ज्वारी, बाजरी, तांदूळ, मका किंवा कुट्टू अशा ग्लुटेन नसलेल्या धान्यांपासून बनते. दुसरी नेहमीसारखी बार्लीपासूनच बनते आणि आंबवताना तिच्यात एक एन्झाइम घालून ग्लुटेनचे तुकडे केले जातात. तुमच्या बहिणीने आणलेली बिअर या दुसऱ्या प्रकारची आहे. ब्रिटन आणि युरोपात चाचणीत ग्लुटेन किलोमागे २० मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी भरले की तिला ‘ग्लुटेन-फ्री’ म्हणता येते, मात्र बार्लीचा उल्लेख ठळकपणे करावाच लागतो. तुम्हाला दिसलेला जाड ठसा त्यासाठीच आहे. अमेरिकेत मात्र बार्लीपासून केलेल्या बिअरला हे नाव लावता येत नाही, फार तर ‘ग्लुटेन काढण्यासाठी प्रक्रिया केलेली’ असे लिहिता येते. ऑस्ट्रेलियात तर मॉल्ट केलेली बार्ली वापरली असेल तर हा शब्द छापताच येत नाही. तोच कॅन एका देशात ग्लुटेन-फ्री ठरतो आणि दुसऱ्या देशात नाही, म्हणून मी पुढचे मोठे अक्षर न वाचता मागचे धान्य वाचते.

‘मला काही झाले नाही’ या वाक्याची मला सर्वांत जास्त भीती वाटते. निदानानंतर तिसऱ्या वर्षी मी दर शनिवारी मैत्रिणींबरोबर एक ग्लास साधी लागर बिअर घेत असे. पोट दुखले नाही, जुलाब झाले नाहीत, म्हणून मी निर्धास्त होते. वार्षिक तपासणीत टीटीजी पुन्हा चढलेला निघाला आणि हिमोग्लोबिन ९ वर आले होते. आतड्याची हानी पोटातल्या जाणिवेवरून कळतेच असे नाही. ती मुकाट्याने होत राहते आणि पुढे लोह, कॅल्शिअम, हाडे यांच्यावर निघते.

आता मात्रेचा हिशेब पाहा. आपल्याकडे एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेनेही ‘ग्लुटेन-फ्री’साठी किलोमागे २० मिलिग्रॅम हीच मर्यादा ठेवली आहे. बिस्किटाच्या बाबतीत ती पुरेशी आहे, कारण बिस्किटे कुणी किलोने खात नाही. बिअर मात्र अर्ध्या-अर्ध्या लिटरने प्यायली जाते. मर्यादेच्या काठावरच्या बिअरची ३३० मिलिलिटरची बाटली घेतली तर साडेसहा मिलिग्रॅम ग्लुटेन पोटात जाते, आपल्याकडच्या ६५० मिलिलिटरच्या बाटलीतून १३ मिलिग्रॅम, आणि दोन बाटल्यांतून २६. रोज ५० मिलिग्रॅम ग्लुटेन तीन महिने घेतल्यावर रुग्णांच्या आतड्याला इजा झाल्याचे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले होते, आणि म्हणून दिवसाला १० मिलिग्रॅमच्या आत राहावे असे साधारणपणे सांगितले जाते. त्या १० मध्ये दिवसभरातल्या बाकीच्या चुकाही धराव्या लागतात, हे विसरू नका.

तपासनीस_ठाणे

मी अन्नपदार्थ तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करतो. पार्लेकरीण ताईंनी लिहिलेल्या हिशेबात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, ती म्हणजे चाचणीत आलेला आकडा खरा आहे. बार्लीच्या बिअरबाबत अडचण नेमकी तिथेच आहे.

बार्लीतल्या ग्लुटेनला होर्डीन म्हणतात. त्यात प्रोलीन हे अमिनो आम्ल भरपूर असल्यामुळे आपल्या पोटातील पाचकरस त्याचे पुरते तुकडे करू शकत नाहीत. बिअरमध्ये घातले जाणारे एन्झाइम नेमके प्रोलीनजवळ कापते. गंमत अशी की ते मुळात ग्लुटेनसाठी आणलेले नव्हते. थंड केल्यावर बिअर गढूळ होऊ नये म्हणून ते वापरात आले. आता, ग्लुटेन मोजण्याच्या नेहमीच्या पद्धतीत प्रथिनाचा रेणू दोन ठिकाणी धरला जातो, जशी लांब दोरी दोन्ही टोकांना धरावी. दोरीचे बारीक तुकडे झाले की दोन्ही हातांनी धरण्याएवढी लांबी उरत नाही, चाचणीला काहीच सापडत नाही आणि अहवालात आकडा छोटा येतो. एकाच ठिकाणी धरणारी दुसरी पद्धत आहे आणि आंबवलेल्या पदार्थांसाठी तीच वापरतात, पण तिच्यात तुलनेसाठी घेतलेले प्रमाण द्रावण आणि प्रत्यक्ष बिअरमधले तुकडे सारखेच असतील याची खात्री देता येत नाही. म्हणजे बिअरमध्ये ग्लुटेन आहेच असे मी म्हणत नाही. रुग्णाला त्रास देणारे तुकडे उरलेले नाहीत, असे मात्र त्या आकड्यावरून मी सही करून देणार नाही. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत सीलिअ‍ॅक असलेल्या थोड्या रुग्णांच्या रक्तातील प्रतिद्रव्ये अशा प्रक्रिया केलेल्या बिअरला चिकटली होती, आणि मुळातच ग्लुटेन नसलेल्या बिअरला चिकटली नव्हती.

ज्वारीच्या बिअरला हा प्रश्न लागू होत नाही. जिथे होर्डीन नाहीच तिथे त्याचे तुकडेही नाहीत. तिथे फक्त धान्यात भेसळ आणि यंत्रातला जुना अंश एवढेच पाहायचे असते, आणि ते नेहमीच्या चाचणीत पकडता येते.

मॉल्टघर

मी सहा वर्षे बिअर बनवण्याच्या कामात होतो, त्यामुळे मुंबईपुरते सांगतो.

आपल्याकडच्या दुकानांत मिळणारी नेहमीची लागर आणि स्ट्राँग बिअर बार्लीच्या मॉल्टचीच असते. कित्येकांत तांदूळ किंवा मकाही घातलेला असतो, आणि तेवढ्यावरून वेटर ‘राइस बिअर आहे, चालेल’ असे सांगतात. तांदूळ बार्लीच्या जोडीला असतो, तिच्या जागी नाही. अंधेरी किंवा लोअर परळच्या मायक्रोब्रुअरीत मिळणारी हेफेवाइझन आणि बेल्जियन विट तर गव्हाचीच असते, तिच्याजवळही जाऊ नका. अल्कोहोल नसलेली बिअरसुद्धा बहुधा बार्लीचीच असते, कारण तिच्यातून अल्कोहोल काढलेले असते किंवा ते फारसे होऊ दिलेले नसते, धान्य मात्र तेच असते.

बार्ली इतकी सर्वत्र का, तर तिला मोड आणले की पिठूळ भागाची साखर करणारी एन्झाइमे तिच्यातच तयार होतात आणि तिचे टरफल गाळणीचे काम करते. ज्वारीच्या मॉल्टमध्ये ती ताकद कमी असते, म्हणून एन्झाइम बाहेरून घालावे लागते आणि काम किचकट होते. आफ्रिकेत मात्र ज्वारीची बिअर परंपरेने होत आली आहे. ज्या राज्यात ज्वारीची भाकरी घरोघरी आहे तिथे ज्वारीची चांगली बिअर सहज मिळू नये, याचे मला मनापासून वाईट वाटते.

एक सूचना मात्र कळकळीने करतो. परदेशात तुम्हाला खरी ग्लुटेन-फ्री बिअर मिळाली तरी बाटली किंवा कॅन घ्या, नळावरची घेऊ नका. त्याच नळीतून आणि त्याच तोटीतून आधी गव्हाची बिअर गेलेली असू शकते, आणि बारमधला ग्लास नुसता पाण्यात बुचकळून पुढे केला जातो, हे मी रोज पाहिले आहे.

शिवाजीपार्ककर

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. तीनही कॅन भावोजींना देऊन टाकले. ताईला थोडे वाईट वाटले, पण ‘बार्ली’ शब्दाचा अर्थ समजावल्यावर तिने पुढच्या खेपेला ज्वारीची किंवा कुट्टूची बिअर शोधण्याचे कबूल केले. पुढच्या महिन्यात टीटीजी करायची आहे, आणि त्या एका कॅनबद्दल डॉक्टरांना सांगणार आहे. तोवर मित्रांबरोबर बसायची वेळ आली तर वाइन किंवा सायडर चालेल का?

पार्लेकरीण

द्राक्षांची वाइन चालते. मी नाशिकचीच घेते. साधी सफरचंदाची सायडरही चालते, फक्त लेबलवर मॉल्ट नाही ना ते पाहा, कारण काही ठिकाणची फळांच्या चवीची तयार गोड पेये मॉल्टपासून बनवतात. ऊर्ध्वपातन केलेल्या साध्या दारूत प्रथिन मागेच राहते, त्यामुळे ती धान्याची असली तरी चालते, पण नंतर चव किंवा रंग घातलेली असेल तर घटक वाचल्याशिवाय घेऊ नका. आणि समोर आलेल्या चकण्याकडे लक्ष असू द्या: साधे खारे शेंगदाणे चालतील, पण तळलेले पापड आणि भजी ज्या कढईत होतात त्याच तेलात बहुधा मैद्याचे समोसेही तळलेले असतात. मी घरून डबीत भाजलेले शेंगदाणे आणि राजगिऱ्याच्या वड्या नेते, आणि आता माझ्या मैत्रिणीही त्यातलेच खातात.