रोबो झाडू घेतलात का? तुमच्या घरात काय झालं ते सांगा

आमच्या मावशी गेल्या महिन्यात कायमच्या गावी गेल्या. तेव्हापासून झाडूपोछा नवरा आणि मी वाटून करतोय, म्हणजे मी करतेय. आता फरशीवर फिरणारा तो गोल रोबो घ्यायचा विचार आहे. जाहिराती वाचून डोकं उठलं. हवा ओढायची ताकद म्हणून कुणी 2700 पास्कल म्हणतो, कुणी 8000. मला पास्कल नकोत, अनुभव हवेत. घर केवढं, फरशी कसली, घरात कोण कोण, आणि मुख्य म्हणजे तो अजून चालतोय की माळ्यावर गेलाय?

आमचं: ठाणे, दोन बेडरूम, व्हिट्रिफाइड टाइल्स, सासूबाईंचे गुडघे दुखतात, मुलगी 6 वर्षांची. खडूचे तुकडे, मणी, खोडरबरचा भुगा सगळीकडे.

कोथरूड, पुणे

तीन वर्षं झाली, अजून चालतोय. पण पहिला महिना नुसता वैताग होता, आणि चूक माझीच. मी सगळं वाचलं, फक्त स्वतःचं घर मोजलं नाही.

लेसरवाल्या रोबोच्या डोक्यावर एक छोटा बुरूज असतो. त्यातला लेसर गोल फिरत भिंतींची अंतरं मोजतो आणि घराचा नकाशा काढतो. काम झकास करतो, पण त्या बुरुजामुळे उंची साडेनऊ-दहा सेंटीमीटरवर जाते. आमचा आईच्या वेळचा दिवाण जमिनीपासून बरोबर साडेनऊ. रोबो 9.6. रोज खाली घुसायचा, बुरूज अडकायचा, आणि मग मदतीसाठी हाका मारायचा. ज्या दिवाणाखालची धूळ निघावी म्हणून घेतला, तिथेच तो जाईना! शेवटी सुताराकडून सागवानी ठोकळे करून दिवाण दीड इंच उचलला. आई म्हणाली, माणसासाठी कधी हलवला नाही तो दिवाण, यंत्रासाठी हलवलास.

तशीच गोष्ट उंबरठ्यांची. साधारण दोन सेंटीमीटरपर्यंतचा चढ बहुतेक रोबो चढतात. आमच्या स्वयंपाकघराच्या दारातली संगमरवरी पट्टी अडीच. तिथे रबराची उतरती पट्टी चिकटवली. न्हाणीघराचा उंबरठा उंच आहे ते मात्र देवाची कृपा, नाहीतर हा आत जाऊन बुडाला असता.

घेण्याआधी मोजपट्टी काढा: दिवाण, सोफा, कपाट, प्रत्येक दार. आणि चार्जिंगच्या तळासमोर मीटर-दीड मीटर मोकळी जागा लागते. तीही आपल्या घरात कुठे असते म्हणा.

नागपूर

अहो, काळी फरशी आहे का तुमच्याकडे? हे कोणी सांगत नाही. आमच्या हॉलच्या कडेनं काळ्या ग्रॅनाइटची बॉर्डर आहे, बिल्डरने मोठ्या हौसेनं दिलेली. रोबो त्या पट्ट्यापाशी यायचा, थबकायचा, मागे फिरायचा. मला वाटलं बिघडला. नंतर कळलं की जिन्यावरून पडू नये म्हणून पोटाखाली सेन्सर असतात. ते खाली अदृश्य प्रकाश टाकतात आणि तो परत आला की जमीन आहे असं समजतात. काळा दगड प्रकाश गिळतो, म्हणजे याला वाटते पुढे खड्डा आहे. बाप्पा, दीड फुटाची कडा सहा महिने तशीच! काही जण सेन्सरवर पांढरी चिकटपट्टी लावतात. घरात जिना असेल तर तसं करू नका. आमच्याकडे जिना नाही, आम्ही लावली.

डोंबिवली

वन बीएचके, पाच माणसं. आम्ही परत केला. यंत्र चांगलं होतं, घर त्याच्या लायकीचं नव्हतं. खाली चपला, पाट, पाण्याचे हंडे, रात्रीच्या गाद्या, टेबलफॅनची वायर. रोबो सुरू करायच्या आधी वीस मिनिटं सगळं पलंगावर चढवायचं. तेवढ्या वेळात कुंच्यानं दोनदा झाडून होतं. जमीन मोकळी असलेल्यांची चैन आहे ही.

न्यू जर्सी

पास्कलबद्दल मूळ प्रश्न होता म्हणून लिहितेय. आमच्याकडे भिंतीपासून भिंतीपर्यंत कार्पेट, आणि तिथे हवा ओढायची ताकद खरंच लागते, कारण धूळ धाग्यांत बसते. भारतातल्या टाइलवर धूळ वरच असते. माहेरी पुण्याला भावाकडे बघितलं, साधा कमी ताकदीचा रोबोही पोह्याचे कण, शेव, माती सहज उचलतो. त्या आकड्यासाठी दहा हजार जास्त देऊ नका.

मी जुनी खेळाडू आहे. रूम्बा नावाचा रोबो 2002 मध्ये आला, आम्ही दोन-तीन वर्षांनी घेतला. तो भिंतीला आपटायचा, वळायचा, परत आपटायचा. कुठे झाडलं, कुठे राहिलं याचा त्याला काही पत्ता नसायचा. 2010 मध्ये नीटो कंपनीने लेसर आणला, तेव्हापासून हे सरळ ओळीत, शेतात नांगर फिरावा तसे फिरू लागले. आज घेताना नकाशा काढणाराच घ्या. नकाशा असला की ‘देवघरात जाऊ नको’ असं ॲपवर रेघ मारून सांगता येतं. आपटत फिरणारा स्वस्त मिळतो, पण दोन खोल्यांपेक्षा मोठ्या घरात तो एकच कोपरा चार वेळा झाडतो.

ठाणे (धागा काढणारी)

थांबा थांबा, म्हणजे टाइलला पुसणंच महत्त्वाचं? ते पुसतात म्हणे.

नाशिक, वय 71

ताई, ‘पुसतो’ या शब्दात फार गंमत आहे. पहिल्या प्रकारात मागे एक ओलं फडकं लावलेलं असतं आणि रोबो ते ओढत नेतो. आमच्या सौ. त्याला पुसणं मानत नाहीत, फडकं फिरवणं म्हणतात. दुसऱ्या प्रकारात खाली दोन गोल फडकी गरगर फिरतात आणि थोडा दाबही देतात. त्यानं पायाचे ठसे, चहाचे डाग जातात. ओट्यासमोरचे फोडणीचे थेंब त्यानंही जात नाहीत. तिथे आपलं पोतेरं आणि आपलीच कंबर.

आता माझा मूर्खपणा. पहिल्याच आठवड्यात टाकीत फिनेल ओतलं. वास हवा ना घराला! वर आमच्याकडे बोअरचं पाणी, क्षारांचं. दोन महिन्यांत टाकीतून पाणी यायचंच बंद झालं. मेकॅनिकने उघडून दाखवलं, आत पांढरा थर. तेव्हापासून पिण्याचं गाळलेलं पाणी, त्यात काहीही नाही. आणि काम झालं की फडकं लगेच काढून धुवायचं, नाहीतर घरभर कुबट वास. रोबो पुसतो खरा, पण त्याचं फडकं पिळायला मी आहे. तळावरच फडकी धुऊन वाळवणारे रोबोही आहेत, पण त्या किमतीत आमच्या नातवाचं वर्षाचं शिक्षण होईल.

मिरज

काय सांगू राव. आमचा मोती म्हातारा झालाय. एका रात्री त्यानं हॉलमध्ये घाण केली. रोबोची वेळ पहाटे पाचची लावलेली. बाकीचं तुम्हीच समजा. सहाला उठलो तर हॉल, पॅसेज, देवघराचं दार, सगळीकडे एकसारख्या समांतर ओळी. नकाशा मात्र बरोबर काढला होता त्यानं! तेव्हापासून आम्ही जागे असल्याशिवाय त्याला बटण नाही. कॅमेऱ्यावाले असल्या वस्तू ओळखून टाळतात म्हणे, पण घरभर कॅमेरा फिरवायला बायको तयार नाही, आणि तिचं बरोबर आहे.

फोंडा, गोवा

पावसाळ्याचं कोणी लिहिलं नाही. फिल्टर पाण्याने धुता येतो असं लिहिलेलं असतं, पण तो पूर्ण वाळल्याशिवाय बसवायचा नाही. आमच्याकडे जुलैत कपडे तीन दिवस वाळत नाहीत, फिल्टर काय वाळणार! मी पंख्याखाली एक रात्र ठेवून बसवला आणि घरात ओल्या पोत्याचा वास. जास्तीचा फिल्टर घेऊन ठेवा, एक वाळेपर्यंत दुसरा. आणि समुद्राची वाळू पुढच्या छोट्या चाकाच्या खाचेत बसते. ते चाक नुसतं ओढलं की निघतं, महिन्यातून एकदा काढून पुसायचं.

कोल्हापूर

आमचा माळ्यावर आहे. बॅटरी गेली. सेवा केंद्र दुसऱ्या शहरात, कुरिअरने पाठवला, चाळीस दिवसांनी तसाच परत आला. कंपनीचं नाव लिहीत नाही. फिल्टर, बाजूचा ब्रश, बॅटरी सुटी विकत मिळते का, एवढं आधी बघा. मिळत नसेल तर घेऊ नका. विषय संपला.

बाणेर, पुणे

माझा अनुभव यंत्राचा कमी आणि मावशींचा जास्त आहे.

रोबोचा खोका घरात आला त्या दिवशी मावशींनी तो उघडलेला बघितला आणि काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी भांडी घासता घासता विचारलं, ‘ताई, आता माझे झाडू-फरशीचे पैसे कापणार का?’ मला लाज वाटली. आम्ही त्याबद्दल विचारच केला नव्हता, हे जास्त वाईट. पैसे कापले नाहीत. त्याऐवजी त्या आल्या की रोबोचं बटण दाबतात, आणि तो फिरतो तेवढ्या वेळात पंखे, जाळ्या, खिडक्यांच्या खाचा, म्हणजे दिवाळीशिवाय कधीच न होणारी कामं होतात.

गंमत म्हणजे आता तो त्यांचाच झालाय. त्यांनी त्याला ‘बाळ्या’ नाव ठेवलंय. माझे आणि लेकीचे लांब केस त्याच्या ब्रशाला गुंडाळले जातात, मग तो कुरकुरतो. मी कात्रीनं कापत बसायचे. मावशींनी शिवणाची उसवणी आणली आणि दोन मिनिटांत सगळे केस उभे चिरून काढले. दिवाळीत दारातली रांगोळी त्यानं साफ ओढून नेली तेव्हा मी ॲपमध्ये रेघ कुठे मारायची ते शोधत होते. मावशींनी उंबऱ्यावर पाट आडवा ठेवला.

हो, आणि एक. वायफायचं नाव 2.4 गिगाहर्ट्झचंच द्या, बहुतेक रोबो 5 वर जोडलेच जात नाहीत. आमचा पहिला अख्खा रविवार त्यात गेला.

ठाणे (धागा काढणारी)

सगळ्यांचे आभार. काल रात्री सासूबाईंची शिवणाची टेप घेऊन घर मोजलं. सोफा 12, कपाट 11, दिवाण 8. म्हणजे लेसरवाला दिवाणाखाली जाणार नाही. तीन उंबरठे, त्यातला एक तीन सेंटीमीटरचा. काळी फरशी नाही. सासूबाई मोजमाप बघत होत्या. म्हणाल्या, हे सगळं त्याच्यासाठी करायचं, तर सूनबाई, मीच नाही का तुला म्हणत होते दिवाण उचल म्हणून, माझे गुडघे वाकत नाहीत तिथे बसायला.

सुताराला फोन केलाय. शनिवारी येतोय.