होकार देऊन नोकरी नाकारली. आता पुढे काय?

प्रश्न (खानापूर): बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतील एका फौंड्रीचे (धातूच्या ओतकामाच्या कारखान्याचे) नियुक्तिपत्र मी ईमेलने स्वीकारले होते, परंतु पुण्याहून अधिक पगाराची संधी आल्याने रुजू होण्याच्या चार दिवस आधी नकार कळवला. आता व्यवस्थापक भरपाईची नोटीस पाठवू म्हणतात, आणि ज्या काकांनी माझ्यासाठी शब्द टाकला होता, त्यांनी बोलणेच सोडले आहे. काय करावे?

उत्तर (निपाणी): न्यायालय कोणालाही नोकरी करायला भाग पाडत नाही. नियुक्तिपत्रात भरपाईची अट आहे का, ते मात्र नीट वाचा. असली, तरी भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ७४ नुसार लिहिलेल्या रकमेच्या मर्यादेत वाजवी तेवढीच भरपाई मिळते. आगाऊ रक्कम घेतली असल्यास ती परत करा. नोटीस आलीच, तर वकिलांकडून लेखी उत्तर द्या. फोनवर वाद घालू नका.

उत्तर (बेळगाव): कायद्यापेक्षा काकांचे प्रकरण अवघड दिसते. त्यांची त्या कारखान्यातील पत तुमच्यामुळे गेली, म्हणून पुण्याला निघण्यापूर्वी त्यांच्या घरी जाऊन, पगाराची कारणे न सांगता, सरळ माफी मागा.

प्रश्नकर्ता: आगाऊ काही घेतलेले नाही. रविवारी काकांकडे जातो.