रेशनला कामाची अट पाहिजे का? अमेरिकेत आहे म्हणे

कोपरखैरणेकर:
मंडळी, माझा मावसभाऊ न्यू जर्सीत असतो, तो म्हणाला तिकडे सरकार खाण्यासाठी मदत देतं, स्नॅप म्हणतात, पण काम केलं तरच. त्याचं म्हणणं आपल्याकडेपण हेच पाहिजे, फुकट धान्य घेऊन लोक घरी बसतात. मला पटत नाहीये पण नियमच माहीत नाही तर बोलू काय? कोणाला माहितीये का?

वागळे_ठाणे:
नियम १९९६ च्या कायद्यातला आहे. धडधाकट माणूस, पदरी लहान मूल नाही, तर महिन्याला ८० तास काम, ट्रेनिंग नाहीतर स्वयंसेवा दाखवायची, नाही दाखवली तर ३ वर्षांत मिळून ३ महिनेच मदत. वयाची मर्यादा आधी ४९ होती, मग ५४, आणि जुलै २०२५ च्या कायद्याने थेट ६४. मूल १४ वर्षांचं झालं की आईबापांनापण लागू. गरोदर, आजारी यांना सूट आहे, पण बेघर लोकांची सूट काढली, हे फार वाईट केलं.

तुर्भे_ताई:
कामाला ना कोणाची आहे हो? पुरावा कुठून आणायचा ते सांगा. आमच्या नाक्यावर सकाळी बिगारी, गवंडी, रंगारी उभे असतात, मुकादम आला तर काम नाहीतर दुपारच्या आत घरी, पावसाळ्यात तर दिवसच्या दिवस रिकामे, त्यांना ८० तास कोण लिहून देणार? धुणीभांडी करणाऱ्या बाईला कुठली मॅडम सही करून देते? आत्ताच सिमेंटने बोटं झिजल्यामुळे मशीनवर अंगठा उठत नाही. आणि घरी बसतात म्हणे! माणशी ५ किलो धान्यात तेल, डाळ, गॅस, खोलीभाडं येतं का?

कोपरखैरणेकर:
ताई पटलं. पण तिकडे तर सगळ्यांना पे स्लिप असेल ना?

वागळे_ठाणे:
असली तरी हॉटेलात, गोदामात शिफ्ट मालक ठरवतो. या महिन्यात ९० तास मिळाले, पुढच्यात ६०, मदत मात्र कामगाराची जाते. व्हर्जिनियात अभ्यास झालाय, अट लागू असलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त लोक मदतीतून बाहेर गेले, नोकऱ्या काही वाढलेल्या दिसल्या नाहीत.

कळवेकर:
आपल्या महाराष्ट्राने हे उलट्या बाजूने केलंय ना. ७२ च्या दुष्काळात रोजगार हमीची कामं निघाली, मग १९७७ चा कायदा, माणसाने काम मागायचं आणि सरकारने द्यायचं, नाही दिलं तर बेकारी भत्ता. म्हणजे अट सरकारवर. पण ती हमी खेड्यासाठी, ठाणे-नवी मुंबईत नाक्यावर उभ्या माणसाला कसलीच हमी नाही. भावाला एवढंच विचार, काम नाही मिळालं त्या महिन्यात त्याच्या पोरांनी काय खायचं?