एकच अक्षर लागोपाठ दोनदा : 'य्वे' वाचायचं की 'ल'?

निळीशाई : प्राचीन चिनी तत्त्वज्ञ मेन्शियसच्या ग्रंथातल्या 'ल्यांगचा राजा ह्वी' या प्रकरणाचा उत्तरार्ध मूळ चिनीत वाचतोय. संगीत एकट्याने ऐकण्यात जास्त आनंद की इतरांसोबत, असं तो छी राज्याच्या राजाला विचारतो. 'एकटा'च्या पुढे एकच अक्षर दोनदा, 'लोकांसोबत'च्या पुढे पुन्हा दोनदा आणि शेवटी 'कोणतं'च्या पुढे एकदा. कोशात उच्चार तीन : य्वे, ल, याओ. कुठे कोणता?

टीपकागद : 'दू य्वे ल, यू रन य्वे ल, शू ल?' असं वाचा. य्वे म्हणजे संगीत, ल म्हणजे आनंद. मेन्शियसचा भाष्यकार चू शी (११३०–१२००) याची टीप स्पष्ट आहे : जोडीतलं मागचं अक्षर 'ल', शेवटचं एकटंही 'ल'. काही जण जोडी उलटी, 'ल य्वे' अशी वाचतात, म्हणजे 'संगीताचा आनंद घेणं'. अर्थ फारसा बदलत नाही. तरी मला चू शीचंच पटतं, कारण 'शू ल' या प्रश्नाला आधी दोन 'ल' समोर ठेवलेले हवेत.

सुरावरून काहीच कळणार नाही, तिन्ही उच्चार चौथ्या सुरातले, वरून खाली पडणारे. आणि हा 'ल' आपला नव्हे. ओठ गोल न करता 'लो' म्हणायचा प्रयत्न करा, जवळपास जमेल.

निळीशाई : मग याओ कधी?

पाटीपेन्सिल : 'आवडणं' या अर्थी, पुढे कर्म असताना. कन्फ्यूशियसच्या संवादांतलं सहाव्या भागातलं वाक्य घ्या : ज्ञान्याला पाणी आवडतं, सज्जनाला डोंगर. तिथे दोन्हीकडे याओ. त्याच वाक्याच्या शेवटी 'ज्ञानी आनंदी असतो' येतं, तिथे कर्म नाही, म्हणून ल. पण कर्म दिसलं की डोळे मिटून याओ म्हणू नका. 'एखाद्या गोष्टीत आनंद मानणं' या अर्थी ल सुद्धा कर्म घेतो.

जुन्या टिपांमध्ये लोक हमखास अडकतात. चू शी 'ल'साठी 'लुओ नदीच्या अक्षरासारखा उच्चार' असं लिहितो. त्याच्या काळी दोन्ही सारखेच होते, आज नदी लुओ आणि हे अक्षर ल. टीप वाचून 'लुओ' म्हणाल तर चुकलंच. याओसाठी तो दोन अक्षरं देतो, आज वू आणि ज्याओ : पहिल्याचं व्यंजन, दुसऱ्याचा स्वर आणि सूर. आजच्या उच्चाराने जोडलं तर 'वाओ' होतं! पहिल्याचा मूळचा 'ङ' बीजिंगच्या बोलीत गळून पडलाय.

टीपकागद : पुण्यात जपानी शिकणाऱ्यांना एक सोपी खूण : ओंगाकु (संगीत) मधला 'गाकु' म्हणजे य्वे, राकुएन (नंदनवन) मधला 'राकु' म्हणजे ल. दोन्हींच्या शेवटचा 'कु' हा जुन्या चिनीतल्या अंत्य 'क'चा अवशेष. याओला तो नव्हताच.

कोशात शोधताना जुनं रूप १५ रेघांचं : मध्ये 'पांढरा', दोन्ही बाजूंना रेशमाच्या पिळासारखे दोन भाग, खाली 'लाकूड'. कोशात 'लाकूड' या घटकाच्या विभागात, त्याच्या ४ रेघा सोडून उरलेल्या ११ रेघांखाली बघा. सोपं केलेलं रूप ५ रेघांचं आणि 'पूर्व'च्या अक्षराशी सहज गल्लत होणारं.

पाटीपेन्सिल : विशेषनामांना यातलं काही लावू नका. प्राचीन यान राज्याचा सेनापती य्वे यी, झज्यांग प्रांतातलं य्वेछिंग शहर, पण मोठ्या बुद्धमूर्तीचं गाव लशान. ती पाठच करावी लागतात.