आत्मरत आई, धुमसणारी मुलगी : नेमके शब्द कोणते?

प्रश्न : इंगमार बर्गमन यांच्या 'ऑटम सोनाटा' (१९७८) या चित्रपटावर लिहिते आहे. त्यातली आई शार्लोट (इन्ग्रिड बर्गमन) नावाजलेली पियानोवादक. तिला 'आत्ममग्न' म्हणावं की 'आत्मकेंद्रित'? आणि मुलीला, म्हणजे ईव्हाला (लिव्ह उलमान), 'सोशिक' म्हटलं तर चालेल का?

उत्तर : 'आत्ममग्न' नको. मग्न म्हणजे बुडालेला. बुडालेल्याला आजूबाजूचं भान नसतं आणि भान नसलेल्याला आपण फारसा दोष देत नाही. शिवाय 'स्वमग्नता' हा शब्द आता ऑटिझमसाठी रुळला आहे, वाचकाचा घोटाळा होईल. शार्लोटला तर पुरेपूर भान आहे. सात वर्षांनी ती मुलीकडे येते. धाकटी, आजारी हेलेना संस्थेत नसून याच घरात आहे हे कळल्यावर ती आतून हादरते, चिडते. पण हेलेनाच्या खोलीत शिरताच आवाजात माया आणते आणि मनगटावरचं घड्याळ काढून तिला देऊन टाकते. बुडालेल्या माणसाला हे जमत नाही.

'आत्मकेंद्रित' चुकीचा नाही, पण कोरडा आहे. एखाद्या अहवालात शोभेल. मी 'आत्मरत' वापरीन. 'रत' हे 'रम्' धातूचं रूप, म्हणजे रमलेला. शार्लोट आपल्या वाजवण्यात, आपल्या दुःखात, आपल्या लाल पोशाखात रमते. समोरच्याच्या नजरेत आपण कशा दिसतो, हे तिला सतत जाणून घ्यायचं असतं. 'आपमतलबी' मात्र तिला लावू नका. मतलब साधणारा माणूस हिशेबी असतो, तशी ती नाही.

आता ईव्हा. 'सोशिक' हा कौतुकाचा शब्द आहे आणि तो सहसा दुसऱ्यांनी दिलेला असतो. ज्यांच्यामुळे सोसावं लागलं, त्यांच्या सोयीचा. बंद दाराबाहेर बसून आईचा सराव थांबायची वाट बघणारी लहान मुलगी आईच्या लेखी गुणी होती, सोशिक होती. आतून ती काय होती, हे ईव्हा आईच्या या मुक्कामात एका रात्री तिला तोंडावर सांगते. त्यासाठी मराठीत दोन शब्द जवळजवळ उभे आहेत : कुढणे आणि धुमसणे. कुढणारा स्वतःलाच पोखरतो आणि तिथेच संपतो. धुमसण्यात मात्र राखेखाली विस्तव असतो, वारा लागला की पेट घेतो. चित्रपटाच्या पूर्वार्धात ईव्हा कुढी वाटते, म्हणून प्रेक्षक फसतो. ती धुमसत होती.

हे सगळं एका प्रसंगात दिसतं. ईव्हा संगीतकार शोपाँचं ए मायनरमधलं प्रील्यूड, म्हणजे एक छोटी पियानो-रचना, वाजवते, चाचपडत, जीव ओतून. मग आई तेच वाजवून दाखवते आणि समजावते की भावना वेगळी, भावुकपणा वेगळा. इथे वेदना आहे, पण ती दाखवायची नाही. कॅमेरा दोघींचे चेहरे शेजारी शेजारी धरून ठेवतो. आई वाजवण्यात हरवलेली. ईव्हा आधी तिच्या हातांकडे, मग वळून तिच्या चेहऱ्याकडे बघत राहते. त्या बघण्यात कौतुक आहे, हार आहे आणि विस्तवही आहे. गंमत अशी, नव्हे, दुःख असं की वेदना दाबून धरायचा तो धडा ईव्हाने लहानपणीच गिरवून ठेवलेला आहे.

शंका : मग ईव्हाच्या मनात 'डूख' होता असं म्हणावं का?

उत्तर : नाही. डूख धरणारा दंश करायची संधी शोधत असतो. ईव्हाने आईला पत्र लिहून आपणहून बोलावलं, प्रेमाच्या आशेनेच. तिच्या मनात 'अढी' होती. अढी सुटू शकते, निदान सुटावी अशी आस माणसाला असते.

आणखी एक शब्द सुचवतो : 'आसुसलेली'. हा दोघींनाही लागू पडतो. ईव्हाने आईला सुनावलं त्याच रात्री, पाठदुखीने जमिनीवर आडवी झालेली शार्लोट सांगते की आपल्या आईवडिलांनी आपल्याला कधी जवळ घेतल्याचं तिला आठवत नाही. ईव्हाने आपल्याला जवळ घ्यावं, असं तिलाही वाटत होतं. हे ऐकल्यावर 'आत्मरत' शब्द मागे घ्यावा असं मला वाटत नाही, पण लेखात तो एकटा सोडू नका. त्याच परिच्छेदात 'आसुसलेली' येऊ द्या, नाहीतर लेख निकालपत्र होईल.

शेवटी ईव्हा आईला पुन्हा पत्र लिहिते, माफी मागते. तिथे 'पश्चात्तापदग्ध' वगैरे मला भडक वाटतं. 'वरमली' हा शब्द जवळचा वाटतो, पण त्यात थोडी लाज डोकावते आणि त्या पत्रात लाजेपेक्षा काळजी जास्त आहे. याहून नेमका शब्द कुणाला सुचतो का?